उतरवा, भाबी

सकाळी मागच्या दारी तोंड धुवायला गेलो तेव्हा भिंतीवर कवठं ओळीने मांडून ठेवलेली दिसली. आमच्याच झाडाची. झाड आमच्या परसात आहे, पण त्याचा निम्मा पसारा भिंतीपलीकडे उत्तमरावांच्या अंगणावर जातो, आणि तिकडे पडतील ती कवठं त्यांची, ही गोष्ट इतकी जुनी आहे की कुणी कधी ती तोंडाने बोलूनही दाखवलेली नाही. ती पडलेली कवठं कुणीतरी गोळा केली होती, त्यांच्यावरची माती पुसली होती, आणि भिंतीच्या माथ्यावर, घरंगळू नयेत म्हणून प्रत्येकाला खापराच्या तुकड्याचा टेका देऊन, आमच्या बाजूला सरकवून ठेवली होती. फेकून दिली असती तर मला बरं वाटलं असतं. फेकणाऱ्याला निदान राग आलेला असतो. इथे टेका देणारा हात होता, सावकाश, काळजीने एकेक खापर शोधणारा. ती काळजी पाहून माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. तोंडातला फेस तोंडातच राहिला आणि मी चूळ भरायचं विसरून किती तरी वेळ त्या ओळीकडे बघत उभा राहिलो. मग कुणी बघतंय का म्हणून इकडेतिकडे पाहिलं, जसं काही ती मीच तिथे ठेवली होती, आणि सगळी कवठं लुंगीच्या ओच्यात घेऊन आत आलो.

जैनबबीला, म्हणजे माझ्या बायकोला, मी काही सांगितलं नाही. तिने विचारलं, तर पडली होती म्हणालो. खोटं नव्हतं. पुढचे काही दिवस मी उत्तमरावांचा वकील होऊन राहिलो. त्यांच्या घरी यंदा कुणाला खोकला असेल, आंबट चालत नसेल. सुनेला वास सोसत नसेल, तिला दिवस गेले असतील. अंगणात फरशी बसवायचं चाललं होतं, कवठं पायात येत असतील. एकेक कारण मी शोधायचो, त्याला टेका द्यायचो आणि मनातल्या मनात मांडून ठेवायचो. वाचनालयात पेपर चाळताना, दूध आणताना, नमाजला उभा राहिल्यावरसुद्धा. माझं सगळं आयुष्य इथल्या वाचनालयात गेलं. ग्रंथपाल म्हणून मी लोकांना फक्त एक गोष्ट सांगत आलो, आणि ती म्हणजे हळू बोला. तीही बोटाने पाटी दाखवून. त्यामुळे राग आला की तो माझा आहे की कुठे तरी वाचलेला आहे, हेच मला आधी कळत नाही. पुस्तकातली माणसं किती छान चिडतात. पूर्ण वाक्यांत चिडतात. मला राग येतो तेव्हा मी पाणी पितो. लहानपणी शिरड शहापूरला अब्बांच्या कल्हईच्या भट्टीपुढे बसून मी भाता मारायचो, आणि गिऱ्हाईक अब्बांना काही लागेल असं बोललं की भाता जरा जोरात मारायचो. इतकंच. अब्बा म्हणायचे, हळू, भांडं वितळेल. तेव्हापासून मी हळू आहे.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुसरा धक्का बसला. दर वर्षी शिवरात्रीच्या आधी चार-सहा दिवस उत्तमरावांच्या बायको द्वारकाबाई भिंतीपलीकडून आवाज द्यायच्या, "भाबी, देवाची कवठं ठिवा वो." आणि जैनबबी झाडावरची सगळ्यात चांगली, देठाजवळ पांढुरकी पडलेली, जमिनीवर टाकली तर न उसळता धप्पकन बसणारी कवठं निवडून पाटीत ओल्या फडक्याखाली ठेवायची. ती भिंतीवरून पलीकडे जायची. महादेवाला वाहून उरलेल्याचं त्यांच्या घरी उपासाचं पंचामृत व्हायचं. आणि तोपर्यंत आमच्या घरात कवठ फुटायचं नाही. असा कुणी नियम केला नव्हता. आमच्या धर्मात त्याला काही आधार नाही, मी शोधला आहे. पण जैनबबी या घरात आली त्या वर्षापासून ती म्हणते, देवाच्या आधी आपण कसं फोडायचं, आणि अम्मा, म्हणजे माझी आई, पाच वेळ नमाज पढणारी बाई, तीही यावर कधी काही बोलली नाही. तर यंदा आवाज आला नाही. आणि आदल्या दिवशी मी वाचनालयातून परत येताना गल्लीच्या तोंडाशी द्वारकाबाई समोरून आल्या. हातात जाळीची पिशवी. पिशवीत बेलाची पानं, बोरं, आणि कवठं. बाजारातली, लहान, हिरवट, आधीच उतरवून ठेवलेली कवठं. त्यांनी मला पाहिलं. पिशवी या हातातून त्या हातात घेतली, भिंतीकडच्या बाजूला. "बरे हायेत ना, भाऊ," म्हणाल्या. मी म्हणालो, बरा आहे. मग दोघं आपापल्या दाराने आत गेलो. आमची दारं शेजारी-शेजारी आहेत आणि त्या गल्लीच्या दाराने आम्ही एकमेकांकडे जवळजवळ कधीच गेलेलो नाही. जे काही होतं ते मागून, भिंतीवरून. भिंत बांधायची ठरली तेव्हा गवंडी डोक्याइतकी उंच घेत होता. जैनबबी आणि द्वारकाबाई या दोघींनी त्याला अडवलं आणि छातीशी थांबवलं, कारण त्याहून उंच झाली तर भरलेलं पातेलं पलीकडे देता येत नाही.

घरी आलो तर पाटी तयार होती. फडकं ओलं केलेलं. जैनबबी अजून वाट पाहत होती. मी चपला काढल्या आणि तिथेच उंबऱ्याशी बसून राहिलो. साजीद, माझा मुलगा, दुकानातून जेवायला आला होता. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं आधीपासून माहीत होतं हे मला त्याच्या घास मोडण्यावरून कळलं. तो आईला म्हणाला की ती पाटी उचल, ते येणार नाहीत, परमेश्वर आणि त्याच्याबरोबरच्या पोरांनी ठरवलंय, देवाला लागणारं काही आपल्या लोकांकडून घ्यायचं नाही. परमेश्वर हा उत्तमरावांचा मुलगा. माझ्या वाचनालयात बालविभागात मांडी घालून बसायचा, पान उलटताना बोटाला थुंकी लावायचा, आणि मी सूचनेच्या पाटीकडे बोट न दाखवता फक्त मान हलवायचो. मी साजीदला विचारलं की हे तुला कधीपासून माहीत आहे. तो हसला. त्याचं हसू मला मारल्यासारखं लागलं.

"अब्बा, तुमे आज देखे. हमे दुकान में रोज देखते."

एवढं बोलून त्याने भात मागितला. मला त्याचा राग आला. परमेश्वरचा यायला हवा होता, उत्तमरावांचा यायला हवा होता, पण आला तो साजीदचा, इतक्या सहज भात मागितल्याचा. मग लक्षात आलं की त्याच्यापाशी रागाला वेळच नाही, तो ते सगळं रोज गिळतो आणि वर भात खातो. त्याच्या वाट्याचा राग माझ्याकडे शिल्लक होता की काय कोण जाणे. जैनबबी म्हणाली, पोरांचं असेल काही, बाई तसल्या नाहीत. तिने पाटी उचलली नाही. शिवरात्रीचा सबंध दिवस ती पाटी मागच्या दाराशी तशीच होती, फडकं वाळलं की ती त्यावर पाणी शिंपडायची, आणि पलीकडे पूजेची घंटा वाजली, धुपाचा वास आला, उत्तमरावांचा खाकरण्याचा आवाज आला, तरी त्या दिवशी तिने आमच्या घरात एक कवठ फोडू दिलं नाही. त्यांच्या देवाला बाजारातली हिरवी कवठं मिळून गेली, आणि ही बाई अजून त्याचा मान राखत बसली होती. मी पुस्तक उघडून बसलो होतो. त्यातलं एक पान मी इतक्या वेळा वाचलं की त्याला अर्थ उरला नाही.

यंदा शिवरात्रीच्या पाठोपाठ रमजान होता. चंद्र दिसण्याआधी जेली करायला हवी होती, कारण रोजे सुरू झाल्यावर चाखून बघणार कोण. आमच्याकडे इफ्तारला खजुराबरोबर कवठाची जेली असते. आणखी कुणाकडे असल्याचं मी ऐकलेलं नाही. ही जेली या घरात आली तीच मुळी भिंतीवरून. द्वारकाबाई कधी काळी महिला मंडळाच्या वर्गात शिकून आल्या होत्या, पण त्यांच्याकडे झाड नव्हतं. आमच्याकडे झाड होतं आणि त्याच्या कवठांची चटणीपलीकडे काही करायची अक्कल नव्हती. भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून त्यांनी सांगितलं आणि हिने केलं. गर पाण्यात शिजवायचा, पातळ कापडात ओतून पुरचुंडी टांगायची, रात्रभर थेंब थेंब गळू द्यायचं, आणि काही झालं तरी पिळायचं नाही, पिळलं की जेली गढूळ होते. कापडसुद्धा त्यांच्याकडचं, उत्तमरावांच्या वडिलांच्या धोतराचं, अजून टिकलेलं. म्हणून आमच्या घरात एरवी दखनी बोलली जाते, पण जेली करताना मराठी. जैनबबी स्वतःशी पुटपुटते तेही मराठीत. तिला जेली दुसऱ्या भाषेत येतच नाही.

त्या दिवशी सगळे होते. आयेशा, म्हणजे सून, आणि नात सिमरन पायरीवर कवठं आपटून फोडत होत्या. साजीदने दुकान दुपारपर्यंत बंद ठेवलं होतं. त्याने ते का ठेवलं होतं हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. मी गर चमच्याने खरवडत होतो. नखांत तो तांबूस, आंबूस चिकटा बसत होता, आणि वास, गूळ आंबल्यासारखा, थोडा दारूचा, थोडा मातीचा, नाकात असा शिरत होता की एखाद्या जुन्या वर्षात उभं असल्यासारखं वाटत होतं, कुठलं ते कळत नव्हतं. कारण प्रत्येक वर्षी हाच वास होता आणि प्रत्येक वर्षी पलीकडून बोलणं होतं. द्वारकाबाई बोलत राहायच्या. लेकीचं, ननंदेचं, नळाच्या पाण्याचं. मधेच जैनबबीला चिडवायच्या, की भाबी, तुमचं झाड मुसलमान अन् कवठं मात्र आमच्या शंकराची. सगळे हसायचे. मीसुद्धा, खाली मान घालून. आज ते हसणं आठवलं आणि त्यात आधीपासूनच काही होतं का, हे मी उलटून-पालटून बघायला लागलो. काही नव्हतं. चांगलं हसणं होतं ते. मागच्या चांगल्या वर्षांतली एकेक गोष्ट काढून मी ती उजेडात धरून तपासायला लागलो, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. त्यांनी कवठं नाकारली ती यंदाची. माझी मागची सगळी वर्षं त्यांनी नासवायला घेतली होती, आणि ते काम मीच माझ्या हाताने करत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गळलेला रस साखर घालून चुलीवर चढला. साजीद अजून दुकानाला गेला नव्हता. जेलीसाठी जैनबबी अजून मागच्या दारी चूल मांडते, भिंतीला लागून. आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. जेली कधी उतरवायची हे जैनबबीला येत नाही. इतकी वर्षं ती करते आहे, बाकीचं सगळं तिला झोपेत येईल, पण ती वेळ तिची कधी नव्हतीच. ती पळी उचलून भिंतीकडे धरायची, द्वारकाबाई पलीकडून मान लांब करून बघायच्या, थेंब सुटे पडतात की एकमेकांना धरून लोंबतात ते, एकदा वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "उतरवा, भाबी." की पातेलं खाली. पुष्कळदा तर पळी बघायच्याही नाहीत, पलीकडे धुणं वाळत घालता घालता नुसत्या वासावरून सांगायच्या. जो शब्द दर वर्षी बाहेरून येतो तो शिकून कोण ठेवतो. एखाद्याने रोज हाक मारून उठवावं, तसं ते होतं.

रस उकळला. फेस आला, आयेशाने तो काढला. रंग पिवळट होता तो तांबूस झाला, मग विटकरीकडे जायला लागला. बुडबुडे आधी लहान आणि घाईचे होते, ते मोठे, जड झाले, एकेक फुटताना तोंडाने केल्यासारखा आवाज करायला लागले. सिमरन फोन घेऊन उभी होती. ती म्हणाली, आजी, यात दाखवलंय, गार बशीवर एक थेंब टाक आणि बोटाने सरकव, सुरकुती पडली की झालं. जैनबबीने तिच्याकडे न बघता विचारलं की तुझ्या फोनला वास येतो का. आणि पळी उचलली आणि भिंतीकडे धरली. कुणी नव्हतं. भिंतीच्या माथ्यावर ऊन होतं आणि मुंग्या होत्या. तिने पळी खाली घेतली, ढवळलं, पुन्हा उचलली. या वेळी जरा मोठ्याने, भिंतीकडे तोंड करून, पण कुणाचं नाव न घेता म्हणाली, "झाली वाटतं वो."

तेव्हा मला पलीकडे बांगड्या वाजल्यासारखं वाटलं. एकदाच. हात उचलताना वाजतात तशा, आणि मग दुसऱ्या हाताने धरून थांबवल्यासारख्या. मला कमी ऐकू येतं, म्हणून मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. साजीदकडे पाहिलं. तो भिंतीकडेच बघत होता, त्याच्या जबड्याची शीर हलत होती. तो म्हणाला, "अम्मी, उतरव." जैनबबी म्हणाली, थांब. मी म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडात शब्द आला होता, पण मला जेलीतलं काय कळतं, असं वाटून मी तो गिळला. एका पुस्तकात वाचलेलं तापमान मला आठवत होतं आणि आमच्याकडे ते मोजायला काही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला दिसत होतं की ती जेलीकडे बघतच नाहीये. तिचा उजवा हात ढवळत होता आणि तिचा सगळा जीव डाव्या कानात होता. बुडबुडे संथ झाले. कडेला काळपट रेघ धरली. मग वास बदलला. आंबूस गोड होता तो आधी नुसता गोड झाला, मग कडू, मग घशाशी खवखवणारा, आणि आयेशाने पुढे होऊन फडक्याने पातेलं खाली ओढलं तोवर पळी त्यात उभी राहायला लागली होती. जैनबबीने ती हलवून पाहिली. हलली नाही.

सिमरन फोन खिशात ठेवून आत गेली. आयेशा म्हणाली, झाड भरलंय अम्मी, लगेच पुन्हा करू. जैनबबी चुलीपुढे बसून राहिली, पदराने घाम पुसत, आणि थोड्या वेळाने तिने अगदी सरळ, तक्रार नसलेल्या आवाजात सांगितलं की बाई घरी नसतील, लेकीकडे गेल्या असतील जवळा बाजारला. मी पाहिलं, ती आता त्यांची वकील झाली होती. माझं संपलं तिथून तिने पुढे घेतलं होतं. मला तिथे थांबवेना. मी आत गेलो, खुर्चीत बसलो, उठलो, पाणी प्यायलो. माझ्या दातांत काही तरी कचकचत होतं, साखर असावी, मी कधी चाखली ते मला आठवत नव्हतं.

ऊन भिंतीवरून उतरून गेल्यावर मागून उत्तमरावांची हाक आली. हाक कसली, कुजबुज. "पाशाभाई. अहो पाशाभाई." मी मागच्या दारी गेलो. ते भिंतीशी वाकून उभे होते, भिंत छातीएवढी आहे, तरी त्यांचं फक्त डोकं दिसावं इतके वाकून. हा माणूस एसटीत तिकिटं फाडत जिल्हाभर फिरला, आवाज असा की इकडच्या गोरेगावच्या स्टँडवर बोलला तर मागच्या सीटवरचा उठून बसायचा. माझ्या वाचनालयात यायचा आणि मी पाटीकडे बोट दाखवलं की पाटीला नमस्कार करायचा. त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलताना ऐकत होतो. त्यांनी एक स्टीलचा डबा पुढे केला. डब्याला झाकण, झाकणावर फडकं, आणि ते सगळं कापडी पिशवीत.

ते म्हणाले, शिवरात्रीचं मनावर घेऊ नका, पोरं आहेत, ग्रुपवर काय काय येतं, घरात तमाशा नको म्हणून ऐकावं लागतं. म्हणाले, तुमच्या-आमच्यात काय आहे का तसलं. मी ऐकत होतो. मला त्यांच्या डोक्यावरचा टक्कलाचा भाग दिसत होता आणि त्यावर घाम. मग ते जरा हसले, जुन्यासारखं.

"थोडीशी द्या यात. परमेश्वर आता बाहेर निघून राहिला, तेवढ्यात ठिवून देतो. जेलीबिगर सालच जात न्हाई, पाशाभाई. द्वारकी म्हणाली यंदा जरा जास्तच झाली वाटतं. तिथंच उभी व्हती ना ती, दुपारपासून. म्हणे, वास गेला पुढं."

मी डबा घेतला नाही. तो त्यांनी भिंतीवर ठेवला. माझ्यामागे जैनबबी येऊन उभी राहिली होती, तिने ऐकलं होतं, हे मला तिच्या श्वासावरून कळलं. ती म्हणाली, देते भाऊ, थांबा, आणि आत वळली. तिला कशाचंच काही वाटलं नाही असं नव्हतं. तिला सवय होती, डबा आला की भरायचा. मी तिचा हात धरला. इतक्या वर्षांत मी तिचा हात असा धरला नव्हता. ती माझ्याकडे बघत राहिली. मी सोडला, आणि आतून, स्वयंपाकघरातून, पुढच्या खोलीतून गल्लीच्या दाराशी आलो. साजीद चपला घालत होता, दुकानाला निघायला. त्याने विचारलं, अब्बा, कहां? मी त्याला सांगितलं नाही. मलाही ते अजून नीट माहीत नव्हतं.

त्यांचं दार चार पावलांवर आहे. त्या चार पावलांत माझ्या डोक्यात वाक्यं जुळत होती, एकाहून एक. पूर्ण विराम असलेली. की उत्तमराव, लपवून न्यायची गोष्ट आम्ही करत नाही. की फळ देवाला चालत नसेल तर माणसाला कसं चालतं. की भिंत आम्ही उंच करून घेऊ, खर्च आमचा. सगळी वाक्यं चांगली होती आणि सगळी कुणाची तरी होती, आणि दाराची कडी वाजवली तेव्हा त्यातलं एकही माझ्यापाशी उरलं नाही. दार परमेश्वरने उघडलं. हातात गाडीची किल्ली. माणसासारखा माणूस, स्वच्छ शर्ट, कपाळाला गंध. त्याने मला पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर आदर आला. खरा आदर. ते माझ्या इतकं जिव्हारी लागलं की मी चौकट धरली.

"बोला ना, चाचा," तो म्हणाला.

मी म्हणालो की मला तुझ्या आईशी बोलायचं आहे. तो म्हणाला, काही काम होतं का, मला सांगा. मी तेच पुन्हा म्हणालो. गल्लीत कुणी तरी सायकल थांबवली. आतून द्वारकाबाई आल्या. त्यांच्या हाताला पीठ होतं आणि बांगड्या कोपराकडे सारलेल्या होत्या. मला पुढच्या दारात पाहून त्यांचे हात तसेच हवेत राहिले. त्यांच्यामागे, मागच्या दाराकडून, उत्तमराव घाईने येत होते, ते मधल्या खोलीत थांबले.

"तुमी उभ्या होता," मी म्हणालो. माझा आवाज मोठा होता. तो किती मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. "दुपारभर उभ्या होता. ती पळी धरून थांबली होती. उतरवा का म्हणाल्या न्हाईत?"

परमेश्वर म्हणाला, काय उतरवायचं? त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. उत्तमराव आतून म्हणाले की अहो पाशाभाई, आत या, असं दारात काय. ते मला आत बोलावत होते, म्हणजे गल्लीतून आत. मी हललो नाही. मला वाटलं आता ही बाई म्हणेल, मी नव्हते हो, भाऊ. किंवा म्हणेल, लक्षच नव्हतं माझं. मी त्याची वाट पाहत होतो. मला ते हवं होतं, म्हणजे मला ओरडता आलं असतं.

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"व्हय," त्या म्हणाल्या. "उभी व्हते. वास पालटला तव्हाच कळलं मला. तोंडात आलतं, भाऊ. हा घरात व्हता. म्या बोलले न्हाई."

हे त्या हळू बोलल्या नाहीत. परमेश्वरला ऐकू जाईल असं बोलल्या. त्याचा चेहरा लाल झाला, किल्लीवरची मूठ आवळली, आणि तो तोल सांभाळत, अजून आदरानेच म्हणाला, "आई, तू आत जा. मी बोलतो चाचांशी."

माझ्या हातात आता काही नव्हतं. कबुली दिलेल्या माणसावर कसं चिडायचं हे मी कुठे वाचलेलं नव्हतं. तरी राग गेला नाही. तो होता तिथेच होता, उलट आता तो अंगाला बसला होता, माझ्या मापाचा. त्या बाईने माझी माफी मागितली नव्हती आणि आत या म्हटलं नव्हतं. त्यांच्या हातावरचं पीठ वाळून तडकत होतं. परमेश्वरने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी आईच्या दंडाला हात लावून, आणि त्यांनी तो हात हळूच बाजूला केला. गल्लीत आणखी कुणी तरी थांबलं. माझ्यामागे साजीद येऊन उभा राहिल्याचं मला जाणवलं.

त्या आत गेल्या नाहीत. मीही परत फिरलो नाही.